टेबल तीस इंचांचं, तुम्ही पाच फुटांच्या

वाचकाचं पत्र

मी सांगलीला राहते. वय ४६, उंची जेमतेम पाच फूट. घरूनच मराठी डीटीपीचं काम करते. टायपिंग, प्रुफांच्या दुरुस्त्या, पानं लावणं, सगळं एकटीच करते. शेजारी हस्तलिखित ठेवायचं आणि इनस्क्रिप्ट या मराठी की-बोर्ड मांडणीत टाइप करत जायचं. पैसे पानावर मिळतात. दिवाळी अंकांचं काम सुरू झालं की रोज आठ-नऊ तास लॅपटॉपसमोर जातात. जेवणाचं टेबल हेच माझं ऑफिस. महिन्याभरापासून रात्री उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झालेली असतात, हात झटकला की बरं वाटतं. संध्याकाळी मनगटावर आडवी लाल रेघ उमटलेली दिसते. डाव्या हाताच्या करंगळीपासून कोपरापर्यंत दुखतं ते वेगळंच. घरचे म्हणतात, बसून तर काम, कॅल्शियम कमी पडत असेल. मुलाने मनगटाला बांधायचा पट्टा आणून दिला, तो घालून टाइप करते. एकांनी सांगितलं, पंधरा-वीस हजारांची चांगली खुर्ची घ्या. घेऊ का? की हे कामच सोडून देऊ? अंकांची पानं अजून बरीच बाकी आहेत.

उत्तर

ताई, काम सोडू नका आणि खुर्चीही एवढ्यात घेऊ नका. तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींवरून मला निम्मं कळलं: उंची पाच फूट आणि जेवणाचं टेबल. आपल्याकडे जेवणाची टेबलं साधारण तीस इंच उंचीची करतात. खुर्चीची बैठक सतरा-अठरा इंचांवर असते. तुमच्या उंचीच्या बाईचं कोपर बसल्यावर बैठकीपासून आठ-साडेआठ इंचांवर येतं. म्हणजे जमिनीपासून सव्वीस इंच. लॅपटॉपची बटणं मात्र टेबलाची उंची आणि लॅपटॉपची जाडी धरून तीस इंचांच्याही वर. कोपरापेक्षा चार-पाच इंच उंचावर तुम्ही आठ-आठ तास टाइप करताय.

असं उंचावर टाइप करताना शरीर काय करतं, ते आज बसाल तेव्हा आरशात किंवा मुलाला फोटो काढायला सांगून बघा. खांदे कानाकडे चढलेले असतील. हात वर धरून ठेवायचा कंटाळा आला की मनगट टेबलाच्या कडेवर टेकतं आणि पंजा मागे वळतो. ती लाल रेघ तिथूनच आली आहे. सनमायका लावलेल्या टेबलाची धारदार कड आणि तिच्यावर टेकलेलं मनगट. त्या रेघेच्या बरोबर खाली एक अरुंद बोगदा आहे. खालून मनगटाची हाडं, वरून एक जाड पट्टीसारखा अस्थिबंध, आणि मधून बोटं वाकवणारे नऊ स्नायुबंध आणि मीडियन नावाची एक नस. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची जाणीव ही नस सांभाळते. मनगट मागे किंवा पुढे वाकलं की बोगद्यातला दाब वाढतो, सरळ असलं की कमी राहतो. रात्री झोपेत आपण मनगट मुडपून घेतो, म्हणून जाग रात्री येते. हात झटकला की बरं वाटतं ही खूण तर डॉक्टर मुद्दाम विचारतात. तुम्ही लिहिलेलं सगळं कार्पल टनेल सिंड्रोमशी, म्हणजे या बोगद्यात नस दबण्याच्या आजाराशी जुळतं. तरी निदान मी पत्रावरून करणार नाही. मानेतली नस दबली तरी हाताला असंच होऊ शकतं.

घरच्यांच्या बोलण्याविषयी आधी लिहिते, कारण तेच तुम्हाला जास्त लागलेलं दिसतंय. ‘बसून तर काम’ हे वाक्य मी फार ऐकलंय आणि दर वेळी मला त्याचा राग येतो. बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने कामगारांच्या आजारांवर १७०० साली एक ग्रंथ काढला. पुढे त्यात भर घालताना त्याने लेखनिकांबद्दलही लिहिलं. दिवसभर लिहिणाऱ्यांचे हात का जातात याची त्याने तीन कारणं दिली: सतत बसून राहणं, हाताची एकाच तऱ्हेची न थांबणारी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. तुमचं काम यापेक्षा वेगळं कुठे आहे? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१० साली सुधारलेल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत कार्पल टनेल सिंड्रोमचं नाव घेऊन नोंद आहे. तेव्हा हे दुखणं लाडाचं नाही. कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन नसेवरचा दाब कमी होत नाही, हेही घरी सांगा.

आता टेबल. तुमच्या घरात मोजपट्टी असेलच. खुर्चीवर टेकून बसा, दंड अंगाला सैल लागलेले, कोपरात काटकोन. कोपराच्या खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर कुणाला तरी मोजायला सांगा. तुमचा की-बोर्ड त्या उंचीवर किंवा अर्धा-एक इंच खाली हवा. या एका मापावर बाकी सगळं अवलंबून आहे. खुर्ची कितीही महाग असली तरी हे माप चुकलं तर पैसे पाण्यात.

माप जुळवायला दोन रस्ते आहेत, टेबल खाली आणायचं किंवा आपण वर जायचं. मला पहिला रस्ता पसंत आहे. घरात जुनं लाकडी टेबल पडून असेल, मुलाचं शाळेत असतानाचं अभ्यासाचं वगैरे, तर सुताराकडून त्याचे चारही पाय तेवढे इंच कापून घ्या. अगदी थोड्या वेळाचं काम आहे, आणि तुमच्या मापाचं टेबल कायमचं तुमचं होतं. समोरची कड गोल करून घासून घ्यायला विसरू नका. खाली मांड्यांना जागा उरते ना, हे कापायच्या आधी बसून बघा. फळीखाली ड्रॉवर असेल तर तो काढावा लागेल.

ते जमत नसेल तर आपण वर जायचं. बैठकीवर चार इंचांची घट्ट गादी किंवा घड्या घातलेली जाड सतरंजी. मऊ उशी नको, ती बसल्याबसल्या दबते आणि पुन्हा तुम्ही जिथल्या तिथे. असं वर गेलात की पाय लोंबकळतात, मांड्यांच्या मागच्या बाजूवर दाब येतो आणि पाय सुजतात. म्हणून पायाखाली पाट. देवघरातला नको, स्वयंपाकघरातला जुना घ्या. एक पुरला नाही तर दोन, एकमेकांवर घट्ट बसतील असे. पाऊल पूर्ण टेकलं पाहिजे, नुसती टाच किंवा चवडा नाही. पाठीला खुर्चीचा आधार नसेल तर कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी ठेवा. खुर्चीबद्दल मला एवढंच सांगायचंय. काही महिन्यांनी हाताशी पैसे आले आणि उंची खालीवर होणारी, हात टेकायची सोयही खालीवर होणारी साधी खुर्ची मिळाली तर जरूर घ्या. पण दुकानात जाऊन स्वतः बसून, पाय जमिनीला टेकतायत का ते बघून. उंच माणसांच्या मापाच्या खुर्च्या सर्वांत खाली आणल्या तरी पाच फुटांच्या बाईचे पाय पुष्कळदा अधांतरीच राहतात.

लॅपटॉपची अडचण अशी की त्याचा पडदा आणि बटणं एकाच अंगाला जोडलेली. बटणं हाताच्या उंचीवर आणली तर पडदा पोटाशी येतो, पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात खांद्याला जातात. कशीही मांडणी करा, मान किंवा हात यांपैकी एकाचे हाल. त्यामुळे रोज आठ तास लॅपटॉपवर काम करणाऱ्या माणसाला वेगळा की-बोर्ड आणि वेगळा माउस लागतोच. हजार-दीड हजारांत दोन्ही साधे, वायरचे मिळतात. तुम्हाला खर्च करायचाच आहे ना, तर तो इथे करा. मग लॅपटॉप टेबलावर चौरंग ठेवून त्यावर चढवा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, आणि अंतर हात लांब केला की बोटं पडद्याला लागतील एवढं.

इथे एक अपवाद. तुम्ही ४६ वर्षांच्या आहात, चष्मा बहुधा असणार. तो एकाच काचेत लांबचा-जवळचा दोन्ही नंबर असलेला असेल तर जवळचं दिसायला खालच्या भागातून बघावं लागतं. पडदा उंच ठेवलात तर हनुवटी वर करून बघाल आणि आठ दिवसांत मान धरेल. तसं असेल तर पडदा तीन-चार इंच खाली घ्या आणि थोडा मागे कलवा. चष्म्याच्या दुकानात फक्त संगणकाच्या अंतराचा एक वेगळा चष्माही करून मिळतो. दिवसभर पडद्यावर काम करणाऱ्यांना तो फार सुखाचा पडतो.

हस्तलिखित तुम्ही टेबलावर आडवं ठेवता ना? डीटीपी करणाऱ्यांच्या मानेचं दुखणं त्यामुळेच सुरू होतं. पडद्यावर वर, कागदावर खाली-डावीकडे, पुन्हा वर, असं एका पानाला किती वेळा होतं ते मोजून बघायचीही गरज नाही. पोथी ठेवायचं लाकडी स्टँड घरात असेल तर त्यावर पानं लावा आणि ते पडद्याच्या अगदी शेजारी, शक्यतो त्याच उंचीवर ठेवा. नसेल तर पॅड उभं टेकवा, पानाला क्लिप लावा. हस्तलिखिताचे फोटो प्रकाशकाकडून मागवून अर्ध्या पडद्यावर फोटो आणि अर्ध्यावर टायपिंग असंही करता येतं. पण लॅपटॉपचा पडदा लहान असला तर अक्षर लागत नाही. मी तरी स्टँडच सुचवेन.

की-बोर्डच्या पाठीमागे दोन छोटे पाय असतात, ते उघडू नका. ते उघडले की मागची बाजू उंच होते आणि मनगट पुन्हा मागे वळतं. टाइप करताना मनगट कशावरही टेकलेलं नको, हात पुढच्या बाहूसकट तरंगता हवा. विचार करायला थांबलात की खुशाल टेकवा, तळव्याचा मांसल भाग टेकवा, मनगट नव्हे. की-बोर्डसमोर ठेवायच्या मऊ गाद्या मिळतात, त्याही थांबल्यावर टेकायला असतात. त्यांच्यावर मनगट दाबून टाइप केलं तर टेबलाच्या कडेपेक्षा जरा मऊ एवढाच फरक. आणि बटणं हळू दाबा. जुन्या टाइपरायटरवर शिकलेल्या किंवा अशांकडून शिकलेल्या मुलींची बोटं की-बोर्डवर अक्षरशः आदळतात. आवाज खोलीबाहेर ऐकू येत असेल तर जोर जास्त आहे असं समजा.

आता डावी करंगळी. ते दुखणं वेगळं नाही, मराठी टायपिंगमधूनच आलंय. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि काने-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. उजव्या हाताने ख, घ, थ, ध, भ, श, ष, ळ काढायचं की डाव्या करंगळीने शिफ्ट धरावी लागते. ‘शाळा’ लिहिताना दोनदा, ‘भाषा’ लिहिताना दोनदा. मराठीत ही अक्षरं किती येतात ते तुम्हाला मी सांगायला नको. हाताच्या सर्वांत दुबळ्या बोटाला सर्वांत जास्त वेळा बाजूला ताणून दाबून धरायला लावलं, तर कोपरापर्यंतचा स्नायू बोलणारच.

यावर दोन उपाय लगेच करता येतात. एक म्हणजे अ, आ, इ, ई, उ, ए ही अक्षरं डाव्या हाताच्याच बटणांवर शिफ्ट धरून येतात. ‘ण’चंही तसंच. पुष्कळजणी त्यालाही डावीच शिफ्ट धरतात, म्हणजे एकाच हाताचा पंजा फाकवून दोन बटणं. या अक्षरांना उजवी शिफ्ट वापरायची सवय लावा. सुरुवातीला वेग कमी होईल, मग हाताला कळतं. दुसरा उपाय विंडोजमध्येच आहे. शिफ्टचं बटण लागोपाठ पाच वेळा दाबलंत की ‘स्टिकी कीज’ चालू करायचं का असं विचारणारी चौकट येते. होय म्हणा. मग शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही. एकदा दाबून सोडायची आणि पुढचं अक्षर दाबायचं. करंगळीला दाबून ताणून राहण्याचा ताप वाचतो. निदान दुखणं शमेपर्यंत तरी वापरा.

एक गोष्ट मात्र नीट तपासा. करंगळीत नुसतं दुखतंय की बधिरपणाही आहे? करंगळी आणि अनामिकेची तिच्याकडची बाजू बधिर होत असेल तर तिथे दुसरी नस आहे, अल्नर. ती कोपराच्या मागून, कोपर आपटलं की झिणझिण्या येतात तिथून, जाते. उंच टेबलावर कोपरं टेकवून हस्तलिखित वाचत बसण्याची सवय असेल तर ती तिथे दबते. फोन कानाला धरून कोपर बराच वेळ वाकवून ठेवल्यानेही. असं असेल तर डॉक्टरांना वेगळं सांगा.

माउसबद्दल थोडं. पानं लावताना माउस धरून ओढायचं काम फार. की-बोर्डच्या उजवीकडे आकड्यांचा चौकोन असतो, त्यामुळे माउस तीन-चार इंच लांब जातो आणि खांदा बाहेर ओढला जातो. मराठी मजकूर टाइप करणाऱ्याला तो चौकोन क्वचित लागतो, म्हणून नवा की-बोर्ड घेताना आकड्यांचा भाग नसलेला घ्या. टॅलीवर काम करणाऱ्यांना हा सल्ला नाही, त्यांनी आकडे ठेवून माउस डावीकडे घ्यावा. माउस मुठीत भरेल एवढा हवा, लॅपटॉपबरोबर मिळणारे चिमुकले माउस बोटांनी चिमटून धरावे लागतात. आणि तो मनगटातून फिरवायचा नसतो, कोपरातून सगळा हात हलला पाहिजे. सेटिंगमध्ये जाऊन बाणाचा वेग थोडा वाढवलात तर हलवायचं अंतरच कमी होतं.

तुमच्या पत्रातली सर्वांत काळजीची ओळ मला वाटली ती ‘पैसे पानावर मिळतात’ ही. पानावर पैसे म्हटलं की उठायचं मन होत नाही. पण याचं मोजमाप झालेलं आहे. अमेरिकेच्या करखात्यात दिवसभर आकडे भरणाऱ्या कर्मचाऱ्यांवर तिथल्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी एक अभ्यास केला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या दोन पंधरा मिनिटांच्या सुट्ट्यांखेरीज, ज्या तासात एरवी सुट्टी नसे अशा प्रत्येक तासात त्यांना पाच मिनिटं जास्तीची सुट्टी दिली. दिवसाची वीस मिनिटं कमी काम. हात, मान, डोळे यांचा त्रास कमी झाला, आणि भरलेल्या आकड्यांचं एकूण काम घटलं नाही. ज्यांचं सगळं काम बोटांच्या वेगावर मोजलं जातं अशा माणसांवरचा हा अभ्यास आहे, म्हणून मी तो तुम्हाला मुद्दाम सांगते. पाच मिनिटं उठलात तर पानं कमी होणार नाहीत.

तासाला पाच मिनिटं, आणि मधे वीस-पंचवीस मिनिटांनी अर्धं मिनिट हात मांडीवर सैल सोडून. विसरायला होतं, म्हणून स्वयंपाकघरातलं घड्याळ किंवा फोनचा गजर लावा. उठल्यावर पाणी प्या, गॅलरीत जा, लांब बघा. फोन हातात घेऊ नका. अंगठ्याने व्हॉट्सॲप सरकवत बसणं ही त्याच हाताची दुसरी पाळी झाली.

आणि इथेच घरातलं काम येतं, ते तुम्ही पत्रात लिहिलंच नाही. दिवसभर टाइप करून संध्याकाळी कणीक कोण मळतं? पोळ्या कोण लाटतं? धुणं पिळायचं काम कुणाकडे? माझा अंदाज आहे की सगळ्यांचं उत्तर एकच. कणीक मळताना आणि कपडे पिळताना मनगटावर जो जोर येतो तो टायपिंगच्या कितीतरी पट असतो. जोर लावून, वाकवून, पुन्हा पुन्हा, हे तिन्ही एकत्र. हाताला काय कळणार की हे काम पैशाचं आणि ते घरचं? त्याचा हिशोब एकच. की-बोर्ड कितीही नीट मांडलात आणि हे तसंच राहिलं, तर गुण अर्धाच येईल. पुढचे दोन महिने कणीक आणि पिळण्याचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. मुलाने पट्टा आणून दिला, म्हणजे त्याला आईची काळजी आहे. त्याला सांगा की औषध म्हणून कणीक तू मळ. लाजू नका, भीडही धरू नका. डॉक्टरांनी रोज एक गोळी आणायला सांगितली असती तर त्याने आणलीच असती ना?

आता तो पट्टा. दिवसा घालून टाइप करणं ताबडतोब थांबवा. पट्टा मनगटाला हलू देत नाही, मग बोटं आणि कोपर जास्त ताण घेतात. घट्ट बांधला तर बोगद्यावर वरूनच दाब. तो फेकू नका, त्याचा उपयोग रात्री आहे. झोपताना सैलसर बांधा, मनगट सरळ राहील असा, पुढेही नाही आणि मागेही नाही. काही पट्ट्यांत धातूची पट्टी मागे वळलेली असते, ती काढून हाताने सपाट करून परत घाला. चार ते सहा आठवडे रोज रात्री घातला तर पुष्कळांची झोपमोड थांबते. तेल लावून हलक्या हाताने चोळल्याने बरं वाटत असेल तर लावा. मनगटाच्या मध्यावर अंगठ्याने रगडू मात्र देऊ नका.

आवाजाचा उपयोग करता येतो का तेही बघा. गूगल डॉक्समध्ये क्रोम ब्राउझरवर ‘व्हॉइस टायपिंग’मध्ये मराठी भाषा निवडता येते. हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, मजकूर उमटतो. विरामचिन्हं, जोडाक्षरांतल्या चुका, लेखकाची खास बोली, हे हाताने दुरुस्त करावं लागतं, त्यामुळे कवितांना आणि ग्रामीण कथांना ते फारसं जमणार नाही. सरळ लेखांना चांगलं जमतं. दिवसातली दोन-तीन पानं जरी तोंडाने झाली तरी बोटांना तेवढी उसंत. वर्डमध्ये वारंवार येणाऱ्या लांब शब्दांना ऑटोकरेक्टमध्ये दोन-तीन अक्षरांचे संक्षेप देऊन ठेवा, ‘महाराष्ट्र’ आणि ‘व्यवस्थापन’ रोज पूर्ण टाइप करायचं कारण नाही.

डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा, दिवाळीनंतर नको. हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि सांगताना ‘हात दुखतो’ एवढंच सांगू नका. कुठली बोटं, किती वाजता, झटकल्यावर काय होतं, दिवसभर काय काम करता, ते सगळं सांगा. साखर आणि थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यायला सांगा. मधुमेह आणि थायरॉइड कमी असणं या दोन्हींत ही नस लवकर दबते, आणि तुमच्या वयात ते पहिल्यांदा हाताच्या मुंग्यांवरूनही लक्षात येऊ शकतं. बी-१२ कमी असेल तरी मुंग्या येतात. गरज वाटली तर ते नसांची चाचणी सांगतील, तिला एनसीव्ही म्हणतात, थोडे झटके बसतात पण सहन होतात. वेदनाशामक गोळी घेऊन रात्रभर पानं लावणं मात्र करू नका. गोळीने दुखणं लपतं, दाब तसाच राहतो.

बधिरपणा दिवसाही सुटेनासा झाला, हातातून कप निसटायला लागला, ब्लाउजचं हूक लावता येईना किंवा अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा दुसऱ्या हातापेक्षा चपटा दिसू लागला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. तो स्नायू एकदा सुकला की परत पहिल्यासारखा होईलच असं नाही. आत्ता तुम्हाला रात्रीच्याच मुंग्या आहेत, हात झटकल्यावर जातायत, म्हणजे वेळ हातात आहे.

डॉक्टरांकडून ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे चिठ्ठी मागा. फिजिओथेरपिस्ट सगळ्यांना माहीत असतात, ही शाखा फार थोड्यांना. आपल्याकडे तिचं शिक्षण मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० साली कमला निंबकर यांनी सुरू केलं. माणसाचं काम आणि हात यांचा मेळ घालणं हाच त्यांचा अभ्यासविषय. मोठ्या सरकारी रुग्णालयांत चौकशी करा. त्यांच्याकडे जाताना तुमच्या बसण्याचा बाजूने काढलेला फोटो न्या, की-बोर्डवर हात ठेवलेला, खांद्यापासून पायापर्यंत सगळं दिसेल असा.

राहिलेल्या पानांचं. प्रकाशकांना आजच फोन करा आणि हाताचं सरळ सांगा. दिवाळी अंकाच्या गर्दीत तारीख पुढे ढकलणं त्यांना अवघड आहे, पण पानं वाटून घेणं अवघड नाही. नुसतं टायपिंग दुसऱ्या कुणाला द्यायला सांगा आणि प्रुफं व पानांची मांडणी तुमच्याकडे ठेवा, दर त्याप्रमाणे ठरवून घ्या. अनुभवी नजरेचं काम तुम्हीच करू शकता, बटणं बडवायला दुसरी बोटंही चालतील. आणि कोपराचं माप घेतलंत की ते आणि टेबलाची उंची मला कळवा, सुताराला किती इंच सांगायचं तो आकडा मी काढून देते.